जड डबा, पुसट चिन्ह

जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एक कुपी हरवली. उंची ८ मिलिमीटर, जाडी ६ मिलिमीटर, आत सीझियम-१३७. लोहखनिजाच्या खाणीत घनता मोजणाऱ्या गेजमधली ही कुपी ट्रकने पर्थला चालली होती. वाटेतल्या हादऱ्यांनी गेजचे बोल्ट ढिले झाले, बोल्टाच्या भोकातून कुपी खाली पडली आणि १,४०० किलोमीटरच्या रस्त्यावर कुठेतरी राहिली. पर्थला पेटी उघडून माल तपासला तेव्हा ती कमी भरली. दोन दिवसांत सरकारने जाहीर केलं: वस्तू अशी अशी आहे, दिसली तर हात लावू नका, पाच मीटर लांब राहा, आम्हाला कळवा. मापक बसवलेल्या गाड्या तो रस्ता विंचरत निघाल्या आणि १ फेब्रुवारीला न्यूमन गावाच्या बाजूला, रस्त्याच्या कडेपासून दोन मीटरवर कुपी सापडली. इजा कोणालाच झाली नाही.

आता दिल्ली. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ च्या सुमारास कॅनडाहून आणलेलं ‘गॅमासेल’ नावाचं एक उपकरण होतं, आत कोबाल्ट-६० च्या ४८ कांड्या. १९८५ च्या सुमारास त्याचा वापर थांबला. पुढची पंचवीस वर्षं ते एका खोलीत नुसतं उभं राहिलं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये इतर जुन्या सामानाबरोबर लिलावात निघालं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं, शिसं बाजूला काढलं, आतल्या चकचकीत धातूचे तुकडे केले. एकाने त्यातला एक तुकडा पाकिटात घातला आणि पाकीट खिशात. एप्रिलमध्ये आठ जण इस्पितळात होते. त्यांतला एक जण २६ एप्रिलला दगावला.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. चाळीस-बेचाळीस वर्षांत त्या कांड्यांची तीव्रता आठ वेळा निम्मी झाली होती, म्हणजे मुळातल्या जेमतेम अडीचशेवा भाग उरला होता. तेवढ्यानेही माणूस मेला. ‘जुनं झालंय ते, आता काय उरलंय त्यात’ असं म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

ऑस्ट्रेलियात वस्तू हरवल्याचं मालकाला कळलं होतं. दिल्लीत ते मालकाच्या गावीही नव्हतं. भंगारवाल्याची कातडी काळी पडली आणि केस गळले, तेव्हा कुठे डॉक्टरांना शंका आली. किरणोत्सारी वस्तू जमिनीवर हरवते त्याच्या कितीतरी आधी ती रजिस्टरात हरवलेली असते, आणि या दोन हरवण्यांमधला काळच घातक असतो. तो काळ कमी करणं ज्यांच्या हातात आहे अशी माणसं शास्त्रज्ञ नसतात. ती स्टोअरकीपर, भंगारवाले, साइटवरचे वॉचमन, तालुक्याच्या गावचे डॉक्टर आणि रस्त्याने जाणारे तुमच्या-माझ्यासारखे लोक असतात. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

आपल्या आसपास काय असतं

मोठे सोर्स (या धंद्यातले लोक ‘सोर्स’च म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो) कर्करोगावरच्या कोबाल्ट मशीनमध्ये असतात. लासलगावला कांद्यासाठी उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात आणि परदेशी जाणाऱ्या आंब्यावर प्रक्रिया होते त्या वाशीच्या केंद्रातही कोबाल्ट-६० आहे. अशा चालू जागांवर कुलपं, पहारा, कॅमेरे असतात. तिथून काही गायब होणं अवघड. खरी काळजी करावी ती लहान, फिरत्या आणि विस्मरणात गेलेल्या सोर्सची.

फिरते म्हणजे मुख्यतः रेडिओग्राफीवाल्यांचे. पाइपलाइन, बॉयलर, टाक्या यांच्या वेल्डिंगचे फोटो काढायला ते जो ‘कॅमेरा’ नेतात तो लहानशा बॅगेएवढा पण वीस-पंचवीस किलो वजनाचा असतो. आत इरिडियम-१९२. जीपच्या मागे ठेवून तो या साइटवरून त्या साइटवर जातो, रात्री बहुधा त्या आवारातच कुठेतरी ठेवलेला असतो. कागद, सिमेंट, पोलाद यांच्या कारखान्यांत जाडी किंवा टाकीतली पातळी मोजणारी गेज पाइपांना बोल्टने आवळलेली असतात. वर्षानुवर्षं धूळ बसली की ती पाइपाचाच भाग वाटू लागतात. तेलविहिरीत उतरवायचे सोर्स वेगळेच. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीच्या तेलकंपनीच्या आवारातून सीझियमचा असाच एक डबा चोरीला गेला आणि अखेर भंगाराच्या दुकानात मिळाला. चोराला सीझियम नको होतं, त्याला लोखंड हवं होतं.

कशाला भ्यायचं नाही तेही सांगून टाकतो, कारण नसत्या घबराटीने खऱ्या खबरीची किंमत कमी होते. एक्स-रे आणि सीटी स्कॅनचं यंत्र विजेवर चालतं. वीज गेली की किरणंही गेली. एमआरआयमध्ये किरणोत्सार नसतोच. धूर ओळखणाऱ्या काही डिटेक्टरमध्ये अमेरिशियमचा कण असतो, तो फोडून घासला नाही तर निरुपद्रवी. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सोर्सचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गातला उघडा सोर्स काही मिनिटांत ते तासाभरात जिवावर बेतू शकतो, दुसऱ्यातला काही तासांत किंवा दिवसांत, तिसऱ्यातला कायमची इजा करू शकतो. चौथ्या-पाचव्याने सहसा तसं होत नाही. रेडिओग्राफीचा कॅमेरा दुसऱ्या वर्गात बसतो.

याच अणुऊर्जा संस्थेने हरवलेल्या, चोरीला गेलेल्या आणि बेकायदा विकल्या जाणाऱ्या किरणोत्सारी पदार्थांची नोंदवही १९९५ पासून ठेवली आहे. तिच्यात १९९३ पासूनच्या ४,००० हून अधिक घटना आहेत. त्यांपैकी तस्करी किंवा वाईट हेतू असलेल्या, किंवा तसा दाट संशय असलेल्या, ३५० च्या आसपास. बाकीचा ढीग हलगर्जीपणाचा, भंगाराचा आणि भुरट्या चोरीचा. चोरीच्या निम्म्याहून अधिक घटना वाहतुकीत घडलेल्या आहेत. चित्रपटातला अणुतस्कर डोळ्यांपुढे आणून कोणी सावध राहणार असेल तर तो चुकीच्या दाराशी पहारा देतो आहे.

ज्यांच्या ताब्यात सोर्स आहे

पहिली गोष्ट, मोजणी. रजिस्टरात सोर्सचा क्रमांक, बनवल्याची तारीख, त्या दिवशीची तीव्रता आणि आज तो कुठे आहे हे लिहिलेलं असावं, आणि ठरावीक दिवसांनी कोणीतरी किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर घेऊन प्रत्यक्ष जागेवर जावं. डबा जागेवर आहे एवढं पुरत नाही. मीटरचा काटा हलला पाहिजे. रिकामा डबाही डबाच असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या, ‘ई-लोरा’ या ऑनलाइन नोंदीत तुमचे जेवढे सोर्स दिसतात तेवढेच आवारात आहेत ना, हे जुळवून पाहावं.

दुसरी गोष्ट, माणसं बदलतात. रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर नोकरी सोडतो, विभागप्रमुख निवृत्त होतात, कारखाना आजारी पडतो, बँक जप्ती आणते आणि यंत्रसामग्रीच्या यादीत ‘पाइप व फिटिंग, एक लॉट’ असं लिहिलं जातं. त्या लॉटमध्ये गेज असतं. निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ देण्याच्या आधी सोर्सचा लेखी ताबा दुसऱ्याकडे गेला पाहिजे. लिलाव करणाऱ्या बँकांनी आणि लिक्विडेटरनी यादी करताना एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ: या आवाराला एईआरबीचा परवाना कधी होता का? होता, तर सोर्स कुठे गेला याचा कागद दाखवल्याशिवाय लिलाव नाही. महाविद्यालयांनीही जुनं सामान काढण्याच्या समितीवर पदार्थविज्ञानाचा किंवा रसायनशास्त्राचा एक जाणता माणूस घ्यावा. दिल्लीच्या त्या लिलावात असा एक माणूस बोलला असता तर मायापुरी हे नाव आपल्याला माहीतही झालं नसतं.

नको असलेला सोर्स टाकायचा नसतो, विकायचा नसतो आणि पुरायचा तर मुळीच नसतो. एईआरबीची परवानगी घेऊन तो पुरवठादाराकडे किंवा मंडळाने मान्य केलेल्या संस्थेकडे परत पाठवायचा असतो. वाहतूक, कागद, खर्च हे सगळं कंटाळवाणं आहे आणि त्यामुळेच सोर्स वर्षानुवर्षं कोपऱ्यात राहतात. तो खर्च यंत्र विकत घेतानाच धरून ठेवावा. विक्रेत्याकडून परतीचं लेखी आश्वासन घेण्याची वेळ तीच.

रेडिओग्राफीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्या सोर्सची सवय निराळी: तो केबलच्या टोकाला असतो, दर फोटोसाठी कॅमेऱ्याबाहेर जातो आणि परत येतो. परत आला असं वाटणं आणि परत येणं यांत माणसं मेली आहेत. १९८४ मध्ये मोरोक्कोत मोहम्मदिया इथे असा इरिडियमचा सोर्स केबलपासून सुटून जमिनीवर पडला, एकाने तो उचलून घरी नेला आणि एकूण आठ जण दगावले. किरणोत्सार हे कारण आहे हे बऱ्याच उशिरा ध्यानात आलं. १९९९ मध्ये पेरूत यानांगोच्या जलविद्युत प्रकल्पावर एका वेल्डरने तशीच पडलेली वस्तू पँटच्या मागच्या खिशात ठेवली. त्याला पाय गमवावा लागला. प्रत्येक फोटोनंतर मीटर हातात घेऊन कॅमेऱ्यापर्यंत आणि नळीच्या टोकापर्यंत चालत जायला एखादं मिनिट लागतं. रात्री दोन वाजता, साइट इंजिनिअर घाई करत असताना, नेमकं तेच मिनिट वाचवलं जातं. कंत्राटदारांनी दर ठरवतानाच ते मोजलेलं बरं.

आणि हरवलाच तर? इथे सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे अब्रू. ‘आधी आपण शोधू, मिळाला की कशाला बोभाटा’ असं म्हणत दिवस जातात. २००४ च्या किरणोत्सार संरक्षण नियमांनुसार सोर्स हरवल्याची खबर २४ तासांच्या आत नियामकाला द्यावी लागते. पोलिसांतही तक्रार करायची असते. खबरीत चार गोष्टी हव्यात: कोणतं मूलद्रव्य, आजची तीव्रता किती, डबा कसा दिसतो (फोटो असेल तर उत्तम), आणि तो शेवटचा खात्रीने कोणी, कुठे, केव्हा पाहिला. शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर शोधाचं क्षेत्र जिल्ह्यावरून गल्लीवर आणतं. ‘काल होता’ असं दडपून सांगितलं आणि प्रत्यक्षात महिनाभर कोणी पाहिलंच नसलं, तर पथक चुकीच्या जागी दिवस घालवतं.

भंगारवाले आणि भट्टीवाले

हरवलेल्या सोर्सचा प्रवास बहुतेक वेळा एकाच बाजूला होतो. शिसं आणि स्टेनलेस स्टील यांना भाव आहे, म्हणून डबा कुर्ल्याला किंवा तुमच्या गावच्या भंगाराच्या दुकानात येतो. तिथे तो अडवता आला तर अडवता येतो. पुढे आहे ती कटर आणि मग भट्टी.

ओळख पहिली, वजन. हातात घेतलेली वस्तू तिच्या आकाराच्या मानाने अवाजवी जड लागली तर थांबा. लिटरभर पाण्याच्या जागेत मावणारं शिसं अकरा किलोंपेक्षा जास्त भरतं. टंगस्टन किंवा युरेनियमचं कवच त्याहून बरंच जड. ओळख दुसरी, चिन्ह: पिवळ्या जमिनीवर मधल्या ठिपक्याभोवती पंख्यासारखी तीन पाती. रंग उडतो, गंज चढतो, कोणीतरी वरून रंग मारतो. तेव्हा बोटाने पुसून, तिरक्या उजेडात पाहा. २००७ मध्ये एक नवं चिन्ह आलं, लाल त्रिकोणात तीच पाती, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ते मुद्दाम आतल्या बाजूला लावतात. वरचं आवरण काढणाऱ्यालाच ते दिसतं आणि त्याचा अर्थ एकच: हत्यार खाली ठेवा, बाहेर पडा. ओळख तिसरी, पाटीवरची अक्षरं. इंग्रजी न वाचणाऱ्यानेही ‘सीओ-६०’, ‘सीएस-१३७’, ‘आयआर-१९२’, ‘एएम-२४१’ अशी अक्षर-आकड्यांची जोडी दिसली की दुकानातल्या शिकलेल्या पोराला हाक मारावी. आणि कारण नसताना कोमट लागणारा धातू. डिसेंबर २००१ मध्ये जॉर्जियात लिया गावाजवळच्या जंगलात तीन लाकूडतोड्यांना दोन डबे दिसले, भोवतीचं बर्फ वितळलेलं. रात्रभर ऊब घ्यायला त्यांनी ते जवळ ओढले. आत स्ट्रॉन्शियम-९० होतं. त्यांतला एक पुढे २००४ मध्ये मेला.

चकाकीला भुलण्याची गोष्ट सगळ्यात दुःखाची. १९८७ च्या सप्टेंबरात ब्राझीलच्या गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून दोघांनी कर्करोगाच्या मशीनचा भाग काढून भंगारात विकला. आत सीझियमची भुकटी होती, अंधारात निळी चमकणारी. भंगारवाल्याने ती नातेवाइकांना, शेजाऱ्यांना कौतुकाने वाटली. घरातली माणसं एकामागून एक आजारी पडताना पाहून पहिली शंका आली ती त्याच्या बायकोला. ‘हे दुखणं त्या डब्याचं आहे’ एवढं तिने ओळखलं आणि डबा पिशवीत घालून, बसने, सरकारी आरोग्य कार्यालयात नेऊन दिला. चार जण मेले; त्यांत ती आणि सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाख बारा हजारांवर लोकांची तपासणी झाली, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं. तिने केलं ते धाडसाचं आणि मोलाचं होतं. आपण त्यातली एकच गोष्ट बदलायची: डबा नेऊ नका. तो आहे तिथे ठेवा आणि माणसं बोलवा.

दुकान मोठं असेल तर हातात धरायचा गॅमा मापक घेऊन ठेवा आणि आवक झालेल्या प्रत्येक गाडीभोवती फिरवा. मोबाइलवर उतरवून घ्यायच्या ‘रेडिएशन डिटेक्टर’ ॲपवर विसंबू नका. मापक वाजला म्हणजे लगेच प्रलय नव्हे. ग्रॅनाइट, टाइल्स, पोटॅश खत आणि थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा डोस घेतलेला ड्रायव्हरसुद्धा तो वाजवतो. गाडी बाजूला घ्या, ड्रायव्हरला उतरवून पुन्हा फिरवा. तरी वाजला तर गाडी परत पाठवू नका. ही चूक सर्रास होते: मालक म्हणतो, ‘माझ्याकडे नको, घेऊन जा.’ गाडी पुढच्या दुकानात जाते, जिथे मापक नसतो.

भट्टीवाल्यांचा, म्हणजे जालन्याच्या रोलिंग मिलपासून कोल्हापूरच्या फाउंड्रीपर्यंत सगळ्यांचा, यात सरळ पैशाचा संबंध आहे. वितळल्यावर कोबाल्ट पोलादात मिसळतो, सीझियम वाफ होऊन धुरात आणि फिल्टरच्या धुळीत जातो, अमेरिशियम मळीत उतरतं. १९९८ मध्ये स्पेनच्या एका पोलाद कारखान्यात सीझियम वितळलं, तेव्हा ते युरोपातल्या इतर देशांच्या हवेत मोजलं गेलं. १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेजवळ एक ट्रक वाट चुकला आणि तिथला मापक वाजला. ट्रकमध्ये मेक्सिकोतल्या सळ्या होत्या, त्यांत सियुदाद हुआरेसच्या भंगारातून आलेला कोबाल्ट. मेक्सिकोत शेकडो घरं पाडावी लागली. आपल्याकडचंच पाहायचं तर २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. बटणांचं पोलाद भारतातलं होतं आणि माग रायगड जिल्ह्यातल्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत आला. तिकडे बटणं जोडणाऱ्या वीसेक कामगारांना ठरवलेल्या वार्षिक मर्यादेपेक्षा जास्त मात्रा मिळाली होती. एका मापकाची किंमत आणि परदेशातून परत येणाऱ्या कंटेनरची किंमत, दोन्ही आकडे कारखानदाराने स्वतःच शेजारी मांडून पाहावेत.

दिसलंच तर

हात लावू नका, लाथ मारू नका, फोटोसाठी वाकू नका. दूर व्हा. अंतर हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रभावी उपाय आहे: लहान सोर्सपासून एक मीटरवर जी तीव्रता असते ती दहा मीटरवर शंभराव्या हिश्शावर येते. निदान तीस मीटर मोकळे ठेवा. डबा फुटून भुकटी सांडली असेल तर शंभर. भिंत किंवा उभा ट्रक आड येत असेल तर त्याच्या मागे जा. मुलांना आणि गुरांना तिकडे फिरकू देऊ नका. पाणी मारू नका, झाडू नका, वर माती ओढू नका.

मग ११२ वर फोन करा. ऐकणाऱ्याला ‘रेडिओॲक्टिव्ह’ हा शब्द कदाचित पहिल्या झटक्यात कळणार नाही, तेव्हा साध्या वाक्यात सांगा: ‘साहेब, अमुक रस्त्यावर, अमुक गोदामाच्या मागे, किरणोत्साराचं चिन्ह असलेला जड डबा पडला आहे. झाकण उघडं आहे. तिघांनी हाताळला होता. आम्ही लोकांना लांब ठेवलंय, मी चौकात उभा आहे.’ पोलिसांना सांगा की हे एईआरबीला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवायचं आहे. मंडळाचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रासह देशभरात अणुऊर्जा विभागाची आणीबाणी प्रतिसाद केंद्रं आहेत, आणि पुण्याजवळ सुदुंबरे इथे एनडीआरएफची बटालियन आहे. यांपैकी कोण येणार हे तुम्हाला ठरवायचं नाही. तुमचं काम पहिला फोन आणि माणसं थोपवणं, एवढंच. फोन केलेली वेळ आणि समोरच्याचं नाव लिहून ठेवा. तासाभरात कोणी आलं नाही तर पुन्हा करा, तेव्हा ते कामी येतं.

ज्यांनी वस्तू हाताळली त्यांना जाऊ देऊ नका, पण डांबूनही ठेवू नका. हात साबणाने धुवायला सांगा, वरचे कपडे काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला ठेवा, तोवर खाणं-पिणं-तंबाखू बंद. नावं आणि फोन नंबर लिहा. जे आधीच घरी गेले त्यांचेही. कुणाला गंभीर जखम असेल तर १०८ ची गाडी आधी, धुणं नंतर. एक गैरसमज इथेच दूर करतो. बंद कुपीतल्या किरणांनी भाजलेला माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही, त्याला उचलणाऱ्याला काही होत नाही. भुकटी अंगावर सांडली असेल तरच ती दुसऱ्याला लागू शकते, आणि तीही कपडे काढून अंग धुतल्यावर बहुतेक जाते. अशा रुग्णाला दारातून परत पाठवणारा दवाखाना चुकतो.

डॉक्टरांच्या नजरेला

२००० सालच्या फेब्रुवारीत बँकॉकलगतच्या समुत प्राकानमध्ये डॉक्टरांकडे काही रुग्ण आले: उलट्या, हातावर भाजल्याच्या खुणा, गळणारे केस, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली. सगळे भंगाराशी संबंधित. डॉक्टरांनी दुवा जोडला, अणुऊर्जा कार्यालयाला कळवलं आणि कोबाल्टचा सोर्स भंगाराच्या आवारात सापडला. तीन जण वाचले नाहीत, पण शोध रुग्णांपासून सुरू झाला नसता तर किती गेले असते कोण जाणे. मायापुरीतही हेच झालं.

जी.पी. डॉक्टरांनी हे चित्र लक्षात ठेवावं: काही तासांत मळमळ-उलटी, मग बरं वाटणं, आणि दोन-तीन आठवड्यांनी केस गळणं, ताप, रक्तस्राव. कातडीवर भाजल्यासारखा डाग, पण ‘भाजल्याचं आठवत नाही’. तो मांडीवर किंवा कुल्ल्यावर खिशाच्या जागी असेल तर शंका दुणावावी. रुग्णाला विचारा: एखादी धातूची वस्तू सापडली होती का? घरात किंवा कामावर आणखी कोणाला असंच होतंय का? लिम्फोसाइटची मोजणी करा आणि काही तासांनी पुन्हा करा. ती झपाट्याने घसरत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन मोकळं होण्याची ही वेळ नाही. फोन उचला.

‘माल आहे, गिऱ्हाईक पाहिजे’

बेकायदा विक्रीची गोष्ट थोडक्यात, कारण तिच्यात किरणोत्साराहून फसवणूक जास्त. ‘राईस पुलर’ नावाने तांब्याचं भांडं, लाल पारा, कॅलिफोर्नियमचे खडे: कोटींच्या गोष्टी, हॉटेलात बैठक, खोट्या प्रयोगशाळेचा खोटा कागद, आणि ‘चाचणीसाठी’ आधी काही लाख. आपल्याकडे कितीतरी शिकलेली माणसं यात बुडाली आहेत. २०२४ मध्ये बिहारच्या गोपालगंजला पकडलेलं, साडेआठशे कोटींचं म्हणून गाजलेलं ‘कॅलिफोर्नियम’ तपासणीत किरणोत्सारी निघालंच नाही. पण दर वेळी खोटंच असतं असंही नाही. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र एटीएसने मुंबईत सात किलोंहून अधिक नैसर्गिक युरेनियम पकडलं. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते खरं असल्याचं सांगितलं, अणुऊर्जा कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आणि तपास एनआयएकडे गेला.

तुमच्याकडे असा निरोप आला तर खरं-खोटं ठरवायला नमुना मागवू नका. खरं असेल तर तुम्ही विनापरवाना किरणोत्सारी पदार्थ हाताळणारे ठरता, खोटं असेल तर पैसे जातात. व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, भेटीला जाऊ नका, आणि स्थानिक पोलिसांकडे किंवा एटीएसकडे द्या. गुप्त हेर व्हायची हौस इथे नको.

खबर दिल्यानंतर

लोक खबर देत नाहीत ते बहुतेक भीतीने: दुकानाला सील लागेल, मलाच आरोपी करतील, गल्लीत बदनामी होईल. पहिली भीती काही अंशी खरी आहे. जागा मोजून मोकळी होईपर्यंत दुकान बंद राहतं आणि सांडलेला माल पथक घेऊन जातं. पण माल विकत घेतल्याची पावती असली की तुमची बाजू भक्कम होते. ‘कोणीतरी आणून टाकलं’ असं सांगणारा जास्त अडचणीत येतो. गल्लीतल्या अफवेवर उपाय म्हणजे व्यापारी संघटनेने किंवा नगरसेवकाने त्याच संध्याकाळी लोकांना एकत्र करून पथकातल्या अधिकाऱ्याला दोन शब्द बोलायला लावणं. व्हॉट्सॲपवर डब्याचा फोटो आणि पत्ता फिरवणं मात्र बघ्यांना निमंत्रण देणं आहे.

पथक आलं की त्यांचे प्रश्न कंटाळवाणे वाटतील: कोणत्या गाडीतून आला, कोणी उतरवला, कुठे कापला, तुकडे कोणाला दिले, कोणत्या कपड्यांत होता, रात्री कुठे झोपलात. याच उत्तरांवरून ते पुढच्या दुकानापर्यंत, पुढच्या घरापर्यंत जातात. मायापुरीत एका यंत्राचे तुकडे वेगवेगळ्या दुकानांत गेले होते. म्हणून गेल्या महिन्या-दोन महिन्यांच्या खरेदी-विक्रीच्या चिठ्ठ्या, वजनकाट्याच्या पावत्या आणि ड्रायव्हरांचे नंबर एका फायलीत काढून ठेवा, आणि हाताळणाऱ्यांपैकी कोणी गावी निघून गेला असेल तर त्याच्या गावचं नाव आणि घरच्यांचा नंबर पथकाला आधी द्या. त्याची रक्ततपासणी थांबून चालणार नाही.